बॉनव्हिलच्या काचेपाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ऑरिगन राज्यात, पोर्टलंडला आमच्याकडे कुणीही राहायला आलं की एक दिवस बॉनव्हिल धरणासाठी ठरलेला. पाऊण-एक तासाचा रस्ता, डाव्या हाताला कोलंबिया नदी, आणि धरणावर पोचल्यावर जिना उतरून खाली गेलं की समोर मोठी काच. काचेपलीकडे हिरवट पाणी. त्यातून हातभर लांबीचे मासे जोर लावून पुढे येतात, मागे ढकलले जातात, पुन्हा पुढे सरकतात. पहिली दोन मिनिटं सगळे गप्प असतात. मग प्रश्न सुरू होतात, आणि आत्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. दरवेळी तीच उत्तरं देऊन मी कंटाळले, म्हणून ती इथे लिहून ठेवतेय. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. कुडाळकडच्या एका गावात पावसाळ्यात मासे चढताना बघत वाढले आणि आता बरीच वर्षं या नदीकाठी राहते, एवढीच माझी पात्रता.

एवढी धडपड करून हे मासे जातात कुठे?

जन्मगावी. सॅमनची अंडी नदीच्या वरच्या अंगाला, थंड वाहत्या पाण्यातल्या गोट्यांमध्ये उबतात. पिल्लं प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतात, तिथे काही वर्षं खाऊनपिऊन तगडी होतात, आणि अंडी घालायची वेळ आली की त्याच ओढ्याकडे परत निघतात. ओढा ओळखतात तो मुख्यतः पाण्याच्या वासावरून. नदीत शिरल्यावर खाणं बंद. सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर. अंडी घातली की थोड्याच दिवसांत मरतात. (स्टीलहेड नावाचा त्यांचा भाऊबंद मात्र कधीकधी समुद्राकडे परततो.)

हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी येतात, पण परत सासरी जात नाहीत." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

हा पल्ला किती लांब असू शकतो? आयडाहो राज्यात रेडफिश नावाचं सरोवर आहे. समुद्रापासून साधारण १,४५० किलोमीटर आत, जवळजवळ २,००० मीटर उंचीवर, आणि वाटेत आठ धरणं. तिथे येणाऱ्या सॉकाय जातीच्या लाल सॅमनवरूनच त्याला नाव पडलं. १९९२ साली त्या अख्ख्या सरोवराकडे एकच सॉकाय परतला, तोही नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोनसम लॅरी, म्हणजे एकटा पडलेला लॅरी.

माशांचा जिना म्हणजे नक्की काय असतं?

बॉनव्हिलला धरणाच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात साधारण १८ मीटरचा फरक आहे, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. तो सगळा चढ सिमेंटच्या एका लांब, वळणावळणाच्या पाटात वाटून टाकलाय. पाटात ठरावीक अंतरावर आडव्या बुटक्या भिंती, आणि दोन भिंतींच्या मध्ये हौद. वरच्या हौदातलं पाणी खालच्यापेक्षा फक्त फूटभर उंच. मासा एका हौदातून दुसऱ्यात जातो तो एकतर भिंतीवरून, नाहीतर भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या चौकोनी भोकातून. उडी मारणारा सॅमन फोटोत छान दिसतो, पण पुष्कळ मासे मुकाट्याने तळातल्या भोकातूनच जातात. हौदात शिरलं की जरा विसावा, मग पुढची पायरी.

१९३८ मध्ये हे धरण सुरू झालं तेव्हापासून जिने इथे आहेत. एवढ्या रुंद नदीवर, एवढ्या माशांसाठी असं काही त्याआधी कुणी करून पाहिलेलं नव्हतं. चालेल की नाही याची धाकधूक होती. मासे चढले.

पण माशाला जिन्याचं दार सापडतं कसं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. माझ्या दहावीतल्या भाच्याने विचारला आणि मी त्याला आईस्क्रीम दिलं, कारण जिना चालणार की नाही हे बहुतांशी इथेच ठरतं.

धरणाखाली येऊन पोचलेल्या माशाला एकच कळतं: जिकडून जोरात पाणी येतंय तिकडे तोंड करायचं. आता नदीचं मुख्य पाणी बाहेर पडतं वीजघरातून किंवा सांडव्यावरून. मासा नेमका तिथे जातो आणि भिंतीपाशी घुटमळत बसतो. जिन्यातून उतरणारी धार त्यामानाने करंगळीएवढी. ती त्याला कळणार कशी?

म्हणून दोन गोष्टी करतात. दारं वीजघराच्या आणि सांडव्याच्या अगदी लगत ठेवतात, आणि दाराशी मुद्दाम जादा पाणी सोडतात, म्हणजे तिथला प्रवाह जोरदार लागतो. लग्नाच्या हॉलबाहेर सनई लावतात ना, तसं. आत किती पंगती आहेत ते नंतर; आधी पाहुण्याला दार कळलं पाहिजे. जगभर फसलेले कितीतरी जिने आतून व्यवस्थित बांधलेले होते. सनई नव्हती.

दार सी लायनलाही (समुद्रसिंहालाही) सापडलं, ही यातली पीडा. समुद्रातून २३५ किलोमीटर आत येऊन ते जिन्याच्या तोंडाशी आयती मेजवानी झोडत बसतात. त्यांनी आत शिरू नये म्हणून दारांना लोखंडी गज लावलेत. मासा जातो, सी लायन अडतो. बाहेर बसून खायला मात्र त्याला कुणाची आडकाठी नाही. शेवटी काही ठरावीक सी लायन पकडून मारण्याची परवानगी सरकारला द्यावी लागली.

त्या खोलीत बसलेल्या बाई काय करतायत?

मासे मोजतायत. खरंच. दुसऱ्या एका काचेपाशी बसून, जात ओळखून, प्रत्येक माशामागे एक बटण. तासातली ५० मिनिटं मोजायचं आणि उरलेल्या १० मिनिटांचा हिशेब त्यावरून लावायचा. १९३८ पासूनची ही रोजची नोंद आहे, आणि कालचा आकडा आज कुणालाही बघता येतो. इथले मासेमार सकाळी उठून हवामान बघावं तसा बॉनव्हिलचा आकडा बघतात. २०१३ च्या शरद हंगामात साडेनऊ लाखांच्या आसपास चिनूक जातीचे सॅमन इथून वर गेले. धरण झाल्यापासून तोपर्यंतचा तो उच्चांक होता.

याशिवाय हजारो पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी, १२ मिलिमीटरची एक चिप बसवतात. तिला बॅटरी नसते. जिन्यातल्या अँटेनाजवळून मासा गेला की त्याचा क्रमांक उमटतो. बँकेच्या रांगेतल्या टोकनसारखं; कुणाचा नंबर कुठल्या धरणापर्यंत आला आणि कुठून पुढे आलाच नाही, ते कळतं.

सगळ्याच धरणांना असे जिने आहेत का?

नाहीत. आणि हे सांगताना काचेजवळचं कौतुक जरा ओसरतं.

कोलंबियावरचंच ग्रँड कूली धरण १६८ मीटर उंच. १९४० च्या सुमारास ते उभं राहिलं तेव्हा एवढ्या उंचीला जिना परवडत नाही, जमतही नाही, असं ठरलं आणि वरची सगळी नदी सॅमनला कायमची बंद झाली. तिथे केटल फॉल्स नावाचा धबधबा होता. आजूबाजूच्या मूळनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या तिथे जमून मासे धरत. जून १९४० मध्ये धबधबा बुडायच्या आधी त्या लोकांनी तिथे तीन दिवस एकत्र येऊन त्याला निरोप दिला. त्या मेळ्याचं नावच अश्रूंचा सोहळा असं पडलं. पुढे खालच्या बाजूला चीफ जोसेफ धरण झालं, तेही बिनजिन्याचं, आणि आता सॅमनची हद्द तिथे संपते.

कोलंबियावरच्याच डॅल्सच्या धरणाला जिना आहे. पण १० मार्च १९५७ ला त्याचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलिलो धबधबा पाण्याखाली गेला. मासे वाचले असतील, पण फळ्यांवर उभं राहून जाळ्याने मासे धरण्याची जागा गेली. १८५५ च्या करारांत या जमातींना त्यांच्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क लिहून दिला होता. जागाच बुडाल्यावर हक्काचं काय करायचं, हा वाद अजून संपलेला नाही. ग्रँड कूलीच्या वर सॅमन पुन्हा वसवण्याचं काम जमातींनीच हातात घेतलंय. २०२३ मध्ये त्यासाठी २० वर्षांत २० कोटी डॉलर द्यायचा करार झाला.

पिल्लं खाली कशी उतरतात?

आत्तापर्यंत सगळे वर चढणाऱ्या माशांकडे बघत असतात, म्हणून हा प्रश्न शेवटी येतो. मला विचाराल तर इथूनच सुरुवात करायला हवी. चढणारा मासा मोठा, ताकदीचा आणि हट्टी असतो. उतरणारं पिल्लू बोटभर ते वीतभर, आणि ते पोहण्यापेक्षा वाहतं जास्त; पुष्कळदा तर शेपूट पुढे आणि तोंड मागे. वसंतात बर्फ वितळून पूर यायचा आणि तो त्यांना समुद्रात नेऊन सोडायचा. आता पुराच्या जागी एकापाठोपाठ एक संथ तलाव आहेत. वाहायला प्रवाह नाही, पाणी उन्हात तापलेलं, आणि काठाला खाणारे टपलेले. उशीर झाला की समुद्रात जगायला लागणारा त्यांच्या शरीरातला बदल आणि समुद्र यांची वेळ जुळत नाही.

मग येतं धरण. तिथून खाली जायच्या तीन वाटा: टर्बाइन, सांडवा, नाहीतर पिल्लांसाठी केलेला वेगळा पाट.

टर्बाइन म्हणजे मिक्सर, असं सगळ्यांना वाटतं. तसं अगदी नाही. एवढ्या मोठ्या टर्बाइनची पाती सावकाश फिरतात आणि बरीच पिल्लं त्यांना न लागता निघून जातात. पात्याचा फटका बसतो तो काहींनाच. त्याहून फसवा मार दाबाचा. पात्यापलीकडे पाण्याचा दाब क्षणात कोसळतो आणि माशाच्या पोटातला हवेचा फुगा फुगून फाटतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखं. जी बाहेर पडतात त्यांतलीही काही भोवंडलेली असतात, आणि खाली पक्षी व मोठे मासे नेमके त्यांचीच वाट बघत असतात.

सांडवा तुलनेने बरा, म्हणून वसंतात वीज सोडून देऊन मुद्दाम पाणी सांडव्यावरून सोडतात. त्यातही दोन अडचणी. पिल्लं पोहतात पृष्ठभागाजवळ आणि सांडव्याचे जुने दरवाजे उघडतात खोल तळाशी, म्हणजे तिथे जायला बुडी मारावी लागते. त्यावर तोडगा निघाला: दरवाजाच्या तोंडाशी एक उंच उतरण बसवायची, म्हणजे वरचं पाणी घसरगुंडीसारखं खाली जातं. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरच्या लोअर ग्रॅनिट धरणावर २००१ मध्ये अशी पहिली उतरण बसली. दुसरी अडचण, उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळते की माशांच्या रक्तात बुडबुडे होतात. म्हणून सांडव्याच्या पायथ्याला सिमेंटचा ओठ काढतात, म्हणजे पाणी खोल न घुसता आडवं उडतं.

पाट म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी तिरप्या जाळ्या लावून पिल्लांना वर वळवायचं आणि नळाने धरणाखाली सोडायचं.

या सगळ्या खटाटोपाचं फळ काय? प्रत्येक धरणातून वसंतातली १०० पैकी ९६ पिल्लं जिवंत पार व्हावीत, उन्हाळ्यातली ९३, असं उद्दिष्ट इथे ठरलेलं आहे. ९६ म्हणजे डिस्टिंक्शन, असं सासरे म्हणाले. मी त्यांना आठ धरणांचा हिशेब करायला लावला. ९६ च्या दराने आठव्या धरणाखाली उरतात ७२. ९३ च्या दराने ५६. आणि यात तलावांतला उशीर, गरम पाणी, टपलेले पक्षी यांचा हिशेब धरलेलाच नाही.

पिल्लं बोटीत घालून नेता येत नाहीत का?

नेतात! गेली कित्येक दशकं. वरच्या धरणांपाशी पिल्लं गोळा करून पाण्याने भरलेल्या बार्जमधून, कधी ट्रकमधून, बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडतात. आठ धरणांचा फेरा चुकतो. पण नदी चाखत खाली न आलेल्या माशाला परतीची वाट नीट आठवत नाही; बार्जमधून गेलेले मासे मोठेपणी भलत्याच उपनदीत शिरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. झोपेत गाडीतून नेलेल्या पोराला रस्ता विचारल्यासारखं आहे हे.

मासे खाणाऱ्या माशांसाठी पैसे मिळतात, हे खरं का?

खरं. पाइकमिनो नावाचा स्थानिक मासा धरणांच्या तलावांत माजला आणि सॅमनची पिल्लं फस्त करायला लागला. १९९० पासून योजना आहे: नऊ इंचांच्या वरचा पाइकमिनो गळाने पकडून आणा, नगाप्रमाणे डॉलर घ्या. आत्तापर्यंत पन्नास लाखांहून जास्त पकडले गेलेत. काही अट्टल गळवाले एका हंगामात लाख डॉलरच्या पुढे जातात. आमच्या घरात हे ऐकल्यावर नोकरी सोडायचा विचार दोघांनी बोलून दाखवला. त्यातल्या एकाला आळीसुद्धा हातात धरवत नाही.

मग जिने यशस्वी झाले म्हणायचे का?

कुणाच्या दृष्टीने, ते आधी ठरवा.

गोऱ्यांच्या वसाहतीपूर्वी कोलंबियात दरसाल १ ते १.६ कोटी सॅमन आणि स्टीलहेड परतत असावेत, असा अंदाज आहे. आता चांगल्या वर्षीसुद्धा तो आकडा याच्या पासंगाला पुरत नाही, आणि त्यातले बहुतेक हॅचरीत, म्हणजे माणसांनी चालवलेल्या मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले. हे सगळं काही धरणांनी केलं नाही. धरणांच्या आधीच डबाबंद मासळीच्या कारखान्यांनी नदी उपसली होती, जंगलतोडीने ओढे गाळाने भरले होते.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो एका पाहुण्याचा. अमेरिकन शॅड हा मासा मूळचा पूर्व किनाऱ्याचा. १८७० च्या दशकात तो माणसांनी पश्चिमेकडे आणून सोडला. सेलिलोचा धबधबा त्याला चढता येत नसे. धबधबा बुडाला, शेजारी सोयीचा जिना मिळाला, आणि शॅडने नदी व्यापली. २०१९ मध्ये ७० लाखांहून जास्त शॅड बॉनव्हिलवरून गेले. शॅड हा हिल्शाचा चुलतभाऊ. तसाच चंदेरी, तसाच काटेरी, गाबोळी (पोटातली अंडी) तशीच भरघोस. इथल्या बंगाली मंडळींची जूनमध्ये त्यामुळे चंगळ असते.

उलट गत लॅम्प्रेची. हा जबडा नसलेला, सापासारखा मासा डायनासोरच्या आधीपासूनचा. तो तोंडाने दगडाला चिकटतो, दम घेतो, झटका मारून पुढे सरकतो, पुन्हा चिकटतो. जिन्यातल्या काटकोनी कोपऱ्यावर त्याचं तोंड नीट बसत नाही आणि जोराचा प्रवाह त्याला ओढून नेतो. सॅमनसाठी जो जिना, तो लॅम्प्रेसाठी भिंत. मूळनिवासी जमातींच्या जेवणात आणि विधींमध्ये त्याला सॅमनइतकाच मान, पण अभियंत्यांनी कित्येक दशकं त्याच्याकडे पाहिलंच नाही. आता कोपरे गोल केलेत आणि त्याच्यापुरत्या गुळगुळीत धातूच्या ओलसर उतरणी लावल्यात. त्यावरून तो छान चढतो.

म्हणून कुणी "माशांसाठी जिना बांधतोय" म्हटलं की मी विचारते, कुठल्या माशांसाठी?

ती माशांची तोफ?

व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय: लवचिक नळीत मासा घातला की तो हवेच्या दाबाने सुळकन धरणापलीकडे. मूळ कल्पना फळं न दुखवता हलवण्यासाठी निघाली. खेळणं नाही ते. कॅनडात फ्रेझर नदीत बिग बार इथे दरड कोसळून वाट बुजली, तेव्हा २०२० मध्ये अशा नळ्या लावल्या होत्या. पण नळी फक्त वर नेते. पिल्लांचं काय, ते वर सांगितलंच.

धरणच पाडलं तर?

काही ठिकाणी पाडलीत. वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर १९१३ साली धरण झालं तेव्हा माशांना वाट ठेवायचा कायदा होता. बांधणाऱ्याने तो टाळून बदल्यात हॅचरी काढली, आणि ती काही वर्षांत बंद पडली. पुढे त्याच नदीवर वर आणखी एक धरण, ६४ मीटरचं. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही टप्प्याटप्प्याने पाडली. शंभर वर्षांचा गाळ समुद्राकडे गेला, मुखाशी नवी वाळूची किनार तयार झाली, आणि सॅमन वर जायला लागले.

क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत निघाली. काम संपून काही आठवडेही झाले नव्हते तर चिनूक ऑरिगनमधल्या उपनदीत दिसले. १९१२ नंतर पहिल्यांदा. शंभर वर्षांत कुणी त्यांना वाट दाखवलेली नव्हती.

पण ही धरणं जुनी, थोडी वीज देणारी होती. स्नेक नदीवरची खालची चार धरणं पाडावीत की नाही, यावर इथे घराघरांत वाद होतात. त्यांच्यामुळे आयडाहोतल्या लुइस्टनपर्यंत बार्ज जातात, गहू त्यावरून येतो. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने जमातींबरोबर समझोता केला, २०२५ मध्ये नव्या सरकारने तो मोडला. माझ्या शेजाऱ्याच्या आणि माझ्या मतात फरक आहे. आम्ही त्यावर बोलत नाही, टोमॅटोवर बोलतो.

मग आपल्या हिल्शासाठी असं का नाही केलं?

बंगालमधलं गंगेवरचं फरक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झालं. सव्वादोन किलोमीटर लांब, १०९ दरवाजे. हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातला गाळ धुवायचा, हा हेतू. त्याआधी समुद्रातला हिल्सा पावसाळ्यात गंगेतून बक्सर, अलाहाबाद, कानपूरपर्यंत, यमुनेतून आग्र्यापर्यंत जात असे. बॅरेजनंतर बिहार-उत्तर प्रदेशातल्या मासेमारांचा हिल्सा जवळजवळ संपला. माशांसाठी वाट अजिबात ठेवली नव्हती असं नाही. दोन लॉक होते, म्हणजे पाणी भरून पातळी वरखाली करता येणारे दारांचे हौद. पण सव्वादोन किलोमीटरच्या भिंतीत दोन छोटी दारं, आणि सनई कुठेच नाही.

शिवाय हिल्सा म्हणजे सॅमन नव्हे. तो उड्या मारत नाही, हाताळला की खवले गळतात, पाण्याबाहेर काढला की बघता बघता मरतो. बॉनव्हिलचा जिना उचलून फरक्क्याला लावून भागणार नाही. जहाजांसाठी नवं लॉक बांधताना ते मध्यरात्रीनंतर काही तास माशांसाठी उघडं ठेवायची योजना २०१९ मध्ये जाहीर झाली होती. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था बॅरेजखालचे जिवंत हिल्से पकडून, खुणेची पट्टी लावून वर सोडते. अशा नाजूक माशाला जिवंत नेणं हेच मोठं कसब आहे.

कावेरीत ही गोष्ट आणखी जुनी. १९३४ च्या मेट्टूर धरणाने तिथल्या हिल्शाची वरची वाट बंद केली.

कोयनेला जिना लावता येईल का?

हे मामांनी विचारलं. शंभर मीटरच्या वरच्या धरणाला जिना लावायचा म्हणजे आधी खर्च, आणि समजा लावला, तरी वर चढलेला मासा जाणार कुठे? ब्राझीलमध्ये इताइपू धरणाला वळसा घालणारा १० किलोमीटरचा कालवा २००२ मध्ये केला. मासे १२० मीटर चढून वर जातात. पण पाराना खोऱ्यातल्या इतर जिन्यांचा अभ्यास करणाऱ्यांना वेगळंच दिसलं. काही ठिकाणी मासे चढून जातात ते नुसत्या स्थिर तलावात. अंडी प्रवाहाबरोबर वाहत खाली यायला हवीत, ती तळाला बसतात. मोठे मासेही परतत नाहीत. खालच्या नदीतले होते तेवढे मासेही जिन्याने वर काढून वाया घालवले, असं होतं.

आपल्याकडे लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात गेली कित्येक दशकं महसीरची पिल्लं तयार करून ठिकठिकाणी सोडतात. त्याने मासा टिकतो. वाट मात्र उघडत नाही.

आणि आपले चढणीचे मासे?

आता माझ्या गावची गोष्ट. पहिला मोठा पाऊस पडला, ओढ्याला लाल पाणी आलं की मासे उलटे चढायला लागतात, थेट मळ्यांत, भातखाचरांत, अंडी घालायला. आमच्याकडे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. ब्राझीलमध्ये याला पिरासेमा म्हणतात, आणि त्या दिवसांत तिथे नदीवर मासेमारीला बंदी असते.

ओढ्यावर एक पक्का सिमेंट बंधारा होता. पुरुषभरही उंच नव्हता. जूनच्या रात्री काका बॅटरी आणि पाग (फेकायचं जाळं) घेऊन निघायचे, मी कंदील धरून मागे. बंधाऱ्यावरून पाणी अख्ख्या रुंदीत पातळ पडद्यासारखं पडायचं आणि खाली मासे खच्चून भरलेले असायचे. एखादा उसळी मारायचा, सिमेंटवर आपटायचा, पुन्हा खाली. तीनदा, चारदा. पाग टाकायची गरजच नसायची, बादली बुडवली तरी भरायची. घरी आई मासे साफ करायची तेव्हा प्रत्येकाच्या पोटात गाबोळी. आम्ही मिटक्या मारत खाल्लीय, खोटं कशाला बोलू.

त्या बंधाऱ्याला बॉनव्हिलसारखं काही लागलं नसतं. माथ्यावर एका कडेला खाच, म्हणजे पाणी एका धारेत येईल आणि दार कळेल. त्या धारेखाली दगडांची ओबडधोबड, लांब उतरण, म्हणजे पाणी पायरीपायरीने येईल आणि वामसारख्या सरपटत चढणाऱ्या माशालाही पकड मिळेल. पायथ्याला दम घ्यायला डोह. ऑस्ट्रेलियात सॅमनसाठीचे तीव्र चढाचे जिने तिथल्या न उडणाऱ्या माशांना जमेनात, तेव्हा त्यांनी चढ कमी करून ते नव्याने बांधले. पुढे लाओसमध्ये भातशेतीच्या बुटक्या बंधाऱ्यांना त्यांच्याच मदतीने वाटा केल्या. आपल्या कामाचं उदाहरण ते आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यापूर्वी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात, म्हणून ऐन चढणीत वाट मोकळी असते, फक्त खालचं जोतं फार उंच नको. वनराई बंधारे पावसाळा सरता सरता घातलेले, पोत्यांचे. त्यांचा प्रश्नच नाही. अडचण पक्क्या बंधाऱ्यांची आहे, आणि त्याखाली बादली घेऊन उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांची.

बॉनव्हिलला कधी यावं?

चिनूकसाठी सप्टेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे. शॅडची झुंबड जूनमध्ये. पार्किंग फुकट आहे, पण शनिवारी दुपारी गर्दी असते, सकाळी लवकर निघा. डबा बरोबर घ्या, वर हिरवळीवर बसून खाता येतं. आणि जून-जुलैत आलात तर काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे गोल तोंड चिकटवून लॅम्प्रे दम खात बसलेला असतो. आत्या त्याला बघून दोन पावलं मागे सरकली होती आणि मग पंधरा मिनिटं तिथून हललीच नाही.